गिऱ्हाईक शोधत असते तेव्हा

वडिलांच्या संग्रहातील नकाशांचा एक जाडजूड ग्रंथ गेल्या वर्षी माझ्या हातात उकलला. कणा तुटलेला, शिवण कुजलेली, मधले काही फर्मे (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचे संच) पूर्ण सुटे आणि कागद इतका ठिसूळ की पान उलटताना कडेची भुकटी बोटांना लागत होती. हे काम कोणाही बाइंडरकडे देण्याजोगे नव्हते. जुन्या कागदाची सवय असलेला आणि घाई न करणारा माणूस हवा होता. मी फोन उचलला, काय हवे ते मोजक्या शब्दांत लिहिले आणि पडद्यावर आलेल्या नावांपैकी एकाच्या पानावर थांबले. त्या माणसाने फार काही केलेले नव्हते. दुरुस्तीआधीची आणि दुरुस्तीनंतरची छायाचित्रे लावली होती. ठिसूळ कागदाला आपण खळ का वापरतो आणि पारदर्शक चिकटपट्टी पुढे जाऊन कागदाचा घात कसा करते, हे साध्या भाषेत समजावून सांगितले होते. एका ग्राहकाने उशीर झाल्याची तक्रार केली होती आणि तिच्याखाली त्याने शांतपणे उत्तर दिले होते की, खळ पूर्ण वाळण्याआधी शिवण घातली असती तर पाने पुन्हा फाटली असती. त्या उत्तराने माझा निर्णय झाला. ग्रंथ त्याच्याकडे गेला आणि चांगला होऊन परत आला. पुढे वडिलांचे एक स्नेही घरी आले असता त्यांनी तो हातात घेतला, कण्यावरून बोट फिरवले आणि एका वृद्ध बाइंडरांचे नाव घेऊन विचारले, "त्यांच्याकडे का नाही दिलास? तुझ्या वडिलांचे निम्मे कपाट त्यांनीच तर बांधले आहे." मला वाटले होते की त्यांनी काम केव्हाच थांबवले असेल. "छे! जाहिरात येते की त्यांची अजून, दर रविवारी," स्नेही म्हणाले.

जाहिरात येत होती. ती जिथे येत होती तिथे मी नव्हते.

एवढीशी गोष्ट, पण ती मनातून जाईना. त्या वृद्ध कारागिरांचे काम कमी प्रतीचे असते, त्यांनी जास्त पैसे मागितले असते किंवा त्यांची वागणूक तुसडी असती, तर काम दुसरीकडे गेले याचे काही वाटले नसते. व्यवहारात ते चालायचेच. इथे मात्र तुलना झालीच नव्हती. त्यांना नाकारण्याचा प्रसंगच आला नाही, कारण निवड करण्याच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत ते माझ्यासाठी अस्तित्वातच नव्हते. आणि सर्वांत विचित्र भाग असा की, ते त्यांना कधी कळणारही नाही. दारात येऊन परत गेलेले गिऱ्हाईक व्यापाऱ्याला दिसते. जे दारापर्यंत पोहोचलेच नाही, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. वर्षाअखेरीस काम थोडे कमी झालेले दिसते, त्याला मंदीचे, बदलत्या आवडीनिवडींचे किंवा नव्या पिढीच्या उदासीनतेचे कारण चिकटते, आणि पुढल्या वर्षी तीच जाहिरात त्याच पानावर, त्याच मजकुरासह पुन्हा दिली जाते.

छापील जाहिरातींविषयी मला तुच्छता नाही. उलट फार जिव्हाळा आहे. सकाळच्या अंकाचा तो किंचित दमट कागद, बोटांना लागणारी शाई, आणि मोठ्या माणसांनी बातम्यांची पाने वाटून घेतल्यावर आम्हा मुलांच्या वाट्याला येणारे छोट्या जाहिरातींचे पान. त्या पानाइतके मनोरंजक वाचन दुसरे नव्हते. विकायचे हार्मोनियम, हवा असलेला कारकून, हरवलेली कागदपत्रे, बदललेले नाव, भाड्याने द्यायची खोली: प्रत्येक तीन ओळींमागे एक अख्खे घर उभे असल्यासारखे वाटे. आम्हाला त्यातले काहीही विकत घ्यायचे नव्हते, तरी आम्ही ते वाचत असू. आता विचार करताना जाणवते की, त्या पानाचे सारे सामर्थ्य नेमके यातच होते. लोक जाहिरात वाचण्यासाठी येत नसत. ते बातमीसाठी, सामन्याच्या निकालासाठी, हवामानासाठी, शब्दकोड्यासाठी येत आणि आलेच आहेत तर जाहिरातीवरूनही नजर फिरवून जात. व्यापाऱ्याला जो वाचक मिळत होता, तो दुसऱ्याच कारणासाठी जमलेला होता.

ही व्यवस्था आपोआप झालेली नाही. ती कोणीतरी हिशेब मांडून उभी केली. १८३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने 'द सन' हे वर्तमानपत्र एका सेंटला विकायला काढले. १८३६ मध्ये पॅरिसमध्ये एमिल द जिरार्दाँ याने 'ला प्रेस'ची वर्गणी इतरांच्या जवळपास निम्म्यावर आणली आणि तूट जाहिरातींतून भरून काढायची असे ठरवले. वाचकाला स्वस्तात बातमी, जाहिरातदाराला मोठा वाचकवर्ग आणि वर्तमानपत्राला दोघांकडून उत्पन्न. पुढे नभोवाणीने हेच सूत्र उचलले. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'डब्ल्यूईएएफ' केंद्रावरून सदनिका विकणाऱ्या एका कंपनीचे भाषण पैसे घेऊन प्रसारित झाले. नभोवाणीवरील आरंभीच्या जाहिरातींत त्याची गणना होते. १९४१ मध्ये 'बुलोवा' या घड्याळ कंपनीची काही सेकंदांची जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकली. माध्यम बदलले तरी मूळ करार तोच राहिला: एक मोट बांधायची, त्या मोटेत बातमी, करमणूक आणि जाहिरात एकत्र घालायची, आणि ज्याला यातले एकच हवे त्यालाही बाकीचे घ्यायला लावायचे.

ती मोट सुटली. वर्तमानपत्रे मंदावण्याला पत्रकारितेचा घसरलेला दर्जा कारणीभूत आहे असे सरसकट म्हटले जाते. दर्जाबद्दल माझ्याही तक्रारी आहेत, पण हे निदान मला अपुरे वाटते. बातम्यांच्या पानांच्या कितीतरी आधी छोट्या जाहिरातींचे पान कोसळले. क्रेग न्यूमार्क याने १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मित्रमंडळींना कार्यक्रम कळवण्यासाठी ई-मेलची एक यादी सुरू केली आणि तिचे 'क्रेगलिस्ट' झाले, जिथे बहुतेक जाहिराती फुकट देता येत होत्या. खोली हवी असलेल्याला खोल्या, नोकरी हवी असलेल्याला नोकऱ्या वेगळ्या मिळू लागल्या. त्यासाठी हार्मोनियम आणि हरवलेली कागदपत्रे ओलांडत जाण्याची गरज राहिली नाही. अमेरिकेतील वर्तमानपत्रांचे जाहिरातींचे उत्पन्न २००५ मध्ये सुमारे ४९ अब्ज डॉलर होते. २०२० पर्यंत ते दहा अब्जांच्या खाली गेले, आणि त्या वर्षी प्रथमच जाहिरातींपेक्षा वाचकांकडून मिळणारे पैसे अधिक ठरले. 'द इंडिपेंडंट' या ब्रिटिश वर्तमानपत्राने २०१६ मध्ये छपाई थांबवली. १७०३ पासून निघणाऱ्या व्हिएन्नातील 'विनर त्साइटुंग'चा छापील दैनिक अंक ३० जून २०२३ रोजी संपला. ब्रिटनमध्ये १९६६ साली ब्रायटनपासून सुरू झालेली 'यलो पेजेस'ची जाडजूड पुस्तके २०१९ मध्ये छापायची बंद झाली. व्यवसायांची नावे शोधण्याखेरीज ज्यांचा दुसरा उपयोगच नव्हता, त्या पुस्तकांची ही गत व्हावी हे मला वर्तमानपत्रांच्या उतरणीपेक्षा बोलके वाटते. लोकांचे शोधणे थांबले नव्हते, त्यांची शोधण्याची जागा बदलली होती.

दूरचित्रवाणीची घसरण अधिक संथ आहे आणि मोठ्या कंपन्यांना तिचा उपयोग अजून होतो, हे मान्य केले पाहिजे. एखादे नाव कोट्यवधी लोकांच्या मनात एकाच वेळी रुजवायचे असेल तर मोठ्या सामन्याच्या वेळच्या जाहिरातीला आजही सहज पर्याय नाही. पण प्रेक्षकाने तिथेही जाहिरात कधी आनंदाने स्वीकारली नव्हती. 'झेनिथ' कंपनीने १९५५ मध्ये 'फ्लॅश-मॅटिक' हे दूरनियंत्रक बाजारात आणले, तेव्हा त्याच्या प्रचारातील एक मोठा मुद्दाच हा होता की, बसल्या जागेवरून जाहिरातींचा आवाज बंद करता येईल. म्हणजे जाहिराती टाळण्याचे साधन विकण्यासाठी जाहिरात! प्रेक्षक तेव्हापासून पळत होता. फक्त पळून जाण्याजोगी जागा त्याला फार उशिरा मिळाली.

छापील जाहिरातीच्या बाजूने बोलणारे अनुभवी व्यापारी एक युक्तिवाद नेहमी करतात: "इतकी वर्षे देतो आहोत, उपयोग होत असेलच की." त्या 'असेलच'मध्ये सारी अडचण आहे. वर्तमानपत्र आपला खप सांगू शकते. खपाची तपासणी करणाऱ्या संस्थाही शतकभरापासून आहेत. पण अंक किती खपला यावरून ते पान किती जणांनी उघडले हे कळत नाही, पान उघडणाऱ्यांपैकी किती जणांची नजर त्या चौकटीवर पडली हे कळत नाही, आणि नजर पडलेल्यांपैकी कोण दारात आले हे तर मुळीच कळत नाही. टपालाने माल विकणाऱ्या जुन्या कंपन्यांना हा प्रश्न नीट कळला होता. त्या प्रत्येक वर्तमानपत्रात आपल्याच पत्त्यात एखादा काल्पनिक विभाग क्रमांक घालीत. एका पत्रात विभाग अमुक, दुसऱ्यात तमुक. येणाऱ्या पाकिटावरचा क्रमांक पाहून कोणत्या अंकाने किती गिऱ्हाइके आणली हे मोजले जाई आणि निरुपयोगी अंकातली जाहिरात थांबवली जाई. शंभर वर्षांपूर्वीची ही हिकमत वाचताना वाटते की, आजच्या ऑनलाइन विपणनातील निम्मी शिस्त त्या लोकांनी पाकिटे मोजत मोजत आधीच शोधून काढली होती. फरक इतकाच की, तेव्हा ती चैन मोठ्या कंपन्यांची होती आणि आज एकट्याने व्यवसाय करणारी व्यक्तीही कोणत्या मजकुरामुळे विचारणा आली हे त्याच दिवशी पाहू शकते.

१९९४ या वर्षाकडे मागे वळून पाहिले की थोडे आश्चर्य वाटते. 'नेटस्केप' या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू मोंटुली याने कुकी, म्हणजे संकेतस्थळाने वाचकाच्या संगणकावर ठेवलेली छोटीशी नोंद, तयार केली ती त्या वर्षी. जेफ बेझोस यांनी 'अ‍ॅमेझॉन'ची स्थापना केली ती त्या वर्षी. जपानमधील 'डेन्सो वेव्ह'मध्ये मासाहिरो हारा यांच्या गटाने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी क्यूआर कोड बनवला, तोही त्याच वर्षी. छापील कागदाला पडद्याशी जोडणारा तो चौकोन पुढे इतका सर्वत्र होईल याचा तेव्हा कोणाला अंदाज असण्याचे कारण नव्हते. आणि २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर 'एटी अँड टी'ची आडवी पट्टी झळकली, जी पहिल्या बॅनर जाहिरातींपैकी एक मानली जाते. त्या पट्टीवर क्लिक करणाऱ्यांचे प्रमाण आज खोटे वाटावे इतके होते, कारण लोकांना ते नवल वाटत होते. नवल फार टिकले नाही. चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, संशोधकांनी नोंदवले की लोक संकेतस्थळावरील ठळक पट्ट्यांकडे पाहतच नाहीत. डोळा त्यांना वळसा घालून जातो. वर्तमानपत्रातून उठून तीच ओरडणारी चौकट पडद्यावर नेऊन बसवली म्हणजे ऑनलाइन विपणन झाले, अशी समजूत आजही आढळते, आणि पैसे पाण्यात गेल्यावर "हे ऑनलाइन वगैरे आपल्या कामाचे नाही" असा निष्कर्ष काढला जातो. जागा बदलली, वागणे बदलले नाही, तर फळ तेच मिळणार.

खरा बदल झाला तो शोधाच्या खिडकीत. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या 'गोटू' या सेवेने शोधलेल्या शब्दांनुसार जाहिराती दाखवून क्लिकमागे पैसे घ्यायला सुरुवात केली. 'गूगल'ने २००० साली 'अ‍ॅडवर्ड्स' ही जाहिरातसेवा सुरू केली तेव्हा जाहिरातदार होते ३५०. क्लिकमागे पैसे आकारण्याची पद्धत तिथे २००२ मध्ये आली. या व्यवस्थेत प्रत्येक शोधासाठी क्षणार्धात एक लिलाव होतो, आणि सर्वाधिक बोली लावणाराच वर येतो असे नाही. विचारलेल्या प्रश्नाशी जाहिरात किती जुळते आणि क्लिकनंतर उघडणारे पान किती उपयुक्त आहे, यालाही वजन असते. छोट्या व्यवसायाच्या दृष्टीने ही बाब फार मोलाची आहे. छापील पानावर पूर्ण पानाची जाहिरात देणाऱ्यासमोर तीन ओळींची जाहिरात नेहमीच केविलवाणी दिसे. इथे अगदी नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर देणारा लहान कारागीर, सर्व काही करतो असे सांगणाऱ्या मोठ्या संस्थेच्या वर दिसू शकतो. 'पुस्तकबांधणी' या शब्दावर त्याने पैसे खर्च करण्याची गरज नाही. 'जुन्या नकाशांच्या ग्रंथाची दुरुस्ती' हे शब्द महिन्यातून दोघांनीच शोधले तरी त्या दोघांना तोच हवा असतो.

त्याहून महत्त्वाचा फरक वेळेचा आहे. रविवारच्या अंकातील जाहिरात मला रविवारी भेटली असती, जेव्हा ग्रंथ शाबूत होता आणि मला बाइंडरची काही गरज नव्हती. ग्रंथ उकलला तो एका मंगळवारी रात्री. जुन्या जाहिरातीचा सारा प्रयत्न असा असे की, लोकांना गरज नसताना नाव त्यांच्या कानांवर इतके घालावे की गरज पडेल तेव्हा ते आठवावे. त्यासाठी वर्षानुवर्षे तेच नाव छापत राहण्याइतका पैसा लागे आणि वाचकाची स्मरणशक्ती शाबूत असावी लागे. आता आपण काहीच लक्षात ठेवत नाही. मला माझ्या जवळच्या माणसांचे फोन क्रमांक पाठ नाहीत. बाइंडरचे नाव कुठून पाठ असणार? ही काही अभिमानाची गोष्ट नाही, पण व्यवसाय करणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या सवयी सुधारायच्या नसतात, त्या ओळखून वागायचे असते.

हे सगळे लिहिताना मनात एक अढी आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ऑनलाइन जाहिरातींचा एक मोठा भाग मला किळसवाणा वाटतो. एकदा एखादी वस्तू पाहिली की ती दिवसेंदिवस प्रत्येक पानावर मागे लागते. आपण काय वाचतो, कुठे थांबतो, कोणत्या वेळी जागे असतो याचा साठा अनोळखी माणसे करतात. कुकीचा मूळ उद्देश संकेतस्थळाला तोच वाचक ओळखता यावा इतका साधा होता. तिच्यावर पाळतीचा केवढा मोठा धंदा उभा राहिला. त्याविरुद्ध लोकांनी आणि सरकारांनी हात उगारला हे चांगलेच झाले. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. २०२१ मध्ये 'अ‍ॅपल'ने माग काढण्यापूर्वी वापरकर्त्याची परवानगी विचारणे अ‍ॅप्सना बंधनकारक केले. परंतु माझ्या लक्षात येते की, ज्या पानाने मला त्या बाइंडरकडे नेले त्यात यांपैकी काहीही नव्हते. त्याने माझा पाठलाग केला नव्हता. मी विचारले तेव्हा तो तिथे होता, इतकेच. ऑनलाइन विपणन म्हणजे पाळत असे समीकरण मांडून त्यापासून दूर राहणाऱ्या सज्जन व्यावसायिकांना हे सांगावेसे वाटते की, त्यांच्या दूर राहण्याने पाळत कमी होत नाही. फक्त शोधणाऱ्याच्या समोर सज्जन माणसांची नावे कमी येतात.

दुसरी अढी वर्तमानपत्रांविषयीची. बाइंडरच्या त्या तीन ओळींच्या पैशांतून कुठेतरी एका बातमीदाराचा पगार निघत होता, नगरपालिकेच्या सभेला बसून कंटाळवाणी टिपणे घेणाऱ्या माणसाचा पगार. व्यवसायांनी छापील जाहिराती थांबवल्या की तो माणूस घरी बसतो, आणि गूगल किंवा फेसबुक त्याच्या जागी कोणाला सभेला पाठवत नाही. हे नुकसान खरे आहे. पण ते भरून काढण्याची जबाबदारी बाइंडरची आहे का? वर्तमानपत्र टिकावे असे वाटत असेल तर वाचक म्हणून वर्गणी भरावी, आणि मी ती भरते. आपल्या व्यवसायाचा तुटपुंजा जाहिरातखर्च, परिणाम होत नाही हे ठाऊक असताना, केवळ हळहळीपोटी तिथे घालत राहणे हा मात्र उपकारही नाही आणि व्यवहारही नाही. शिवाय वर्तमानपत्रे स्वतः आपले वाचक कुठे शोधत आहेत हे पाहिले तर पुरे.

"आमचे काम तोंडी शिफारशीवर चालते, आम्हाला जाहिरातीची गरज नाही," असेही पुष्कळ जण म्हणतात, आणि हा युक्तिवाद मला सर्वांत आदरणीय वाटतो, कारण तो सहसा चांगले काम करणाऱ्यांकडूनच येतो. पण शिफारशीचीही वाट बदलली आहे. आज कोणी मला एखादे नाव सुचवले तरी मी आधी ते शोधून पाहते. तिथे काहीच सापडले नाही, वेळा चुकीच्या निघाल्या, फोन क्रमांक बंद लागला, तर शिफारस तिथेच विझते. वडिलांच्या स्नेह्यांची शिफारस लाखमोलाची होती, पण ती मला मिळाली काम होऊन गेल्यावर. अनोळखी माणसाने लिहिलेला अभिप्राय त्या तोलाचा नसतो हे खरे. विकत घेतलेले खोटे अभिप्राय इतके माजले की, ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला २०२४ मध्ये त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र नियम करावा लागला. म्हणूनच मला अभिप्रायांच्या संख्येपेक्षा तक्रारीखालचे उत्तर वाचावेसे वाटते. स्तुती बनवता येते. चिडलेल्या माणसाला दिलेले समंजस उत्तर बनवणे अवघड असते.

एक सावधगिरी मात्र हवी, आणि या क्षेत्रातले उत्साही सल्लागार ती पुरेशी सांगत नाहीत. समाजमाध्यमांवरचे पान आपले नसते. अनेक व्यवसायांनी फेसबुकवर वर्षानुवर्षे खपून हजारो लोक जोडले, आणि मग त्या लोकांपर्यंत पोहोचण्यासाठीच पैसे मोजण्याची वेळ आली. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला अग्रक्रम देण्याचे जाहीर केल्यावर उरलीसुरली फुकटची पोहोचही आटली. वर्तमानपत्राच्या दरपत्रकाला कंटाळून निघालेला माणूस दुसऱ्या मालकाच्या दारात उभा राहिला, असाच हा प्रकार. म्हणून स्वतःच्या नावाचे साधेसे संकेतस्थळ असावे, आणि ज्यांनी आपणहून संमती दिली त्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांची यादी असावी. ई-मेल ही आता जुनाट वाटणारी गोष्ट आहे, पण तिच्यामध्ये कोणी मध्यस्थ क्रम ठरवत बसत नाही. अर्थात ती यादी म्हणजे वाट्टेल तेव्हा वाट्टेल ते पाठवण्याचा परवाना नव्हे. १९७८ मध्ये गॅरी थर्क या विक्री प्रतिनिधीने इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना न विचारता संगणकांची जाहिरात पाठवली. त्याच्यावर जो संताप कोसळला, त्याची कारणे आजही बदललेली नाहीत.

राहिला प्रश्न लिहायचे काय, हा. बहुतेक व्यावसायिक इथेच अडतात आणि मग कोणाकडून तरी 'दर्जा हीच आमची ओळख' छापाचा मजकूर लिहून घेतात, जो कोणाच्याही पानावर चिकटवता येईल. वास्तविक लिहिण्याजोगे सारे त्यांच्या जिभेवर असते. चांगला कारागीर दिवसभर गिऱ्हाइकांना काहीतरी समजावत असतो: हे का तुटले, ते दुरुस्त होईल की बदलावे लागेल, किती दिवस लागतील, घरी काय काळजी घ्यावी, कोणते काम करून घेण्यात अर्थ नाही. हीच उत्तरे, बोलतो त्याच भाषेत, एकेक करून लिहून ठेवली आणि सोबत कामाची खरी छायाचित्रे लावली, की निम्म्याहून अधिक विपणन झाले. त्यात अतिशयोक्ती लागत नाही. 'हे काम आम्ही करत नाही' असे लिहिण्याचाही उपयोग होतो. मी ज्याच्याकडे ग्रंथ दिला, त्याने बुरशी लागलेली पुस्तके आपण घेत नाही आणि का घेत नाही हे लिहिले होते, आणि त्यामुळे बाकीच्या दाव्यांवर माझा विश्वास बसला. हे लेखन तरुण सल्लागाराला जमेलच असे नाही. ज्याचे हात त्या कामात मुरले आहेत, त्यालाच ते जमते. टंकलेखन हवे तर दुसऱ्याने करावे.

मात्र हे सारे सावकाश फळते. नवे पान आज लिहिले आणि उद्या शोधात वर आले, असे होत नाही. सर्च इंजिनाला ते सापडायला, त्यावर लोक थांबतात हे दिसायला, इतरांनी त्याचा दुवा द्यायला महिने जातात. त्या काळात दारात येणारे काम जुन्याच ओळखींतून येत असते. म्हणून छापील जाहिरात एका दिवसात बंद करा असे मी कोणाला म्हणणार नाही. तीन ओळींच्या शेवटी संकेतस्थळाचा पत्ता किंवा क्यूआर कोडचा तो चौकोन द्यावा, येणाऱ्या प्रत्येकाला "आमच्याविषयी कुठे कळले?" असे विचारून उत्तर वहीत लिहावे आणि वर्षभराने वही उघडावी. रविवारच्या अंकातून येणारी माणसे खरोखरच येत असतील तर जाहिरात चालू ठेवावी. नसतील, तर तो खर्च कुठे वळवायचा हे तोवर त्या वहीतच लिहिलेले असेल.